नाव पटावर राहू द्या

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): "मी तालुक्याच्या गावातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववीची वर्गशिक्षिका आहे. माझ्या वर्गातील १५ वर्षांच्या मुलाला ऑगस्टमध्ये दोन सज्ञान तरुणांसोबत मोटारसायकल चोरीच्या प्रकरणात पोलिसांनी ताब्यात घेतले. दोन महिने तो जिल्ह्याच्या रिमांड होममध्ये होता. आता जामिनावर घरी आला आहे. वडील नाहीत, आई एका खानावळीत पोळ्या लाटते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत यायचे असे तो म्हणतो. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो फिरला आहे आणि 'जेलमधून आलेला मुलगा आमच्या मुलांबरोबर नको' असे निवेदन सह्यांनिशी आले आहे. संस्थाचालक म्हणतात की आईला बोलावून शाळा सोडल्याचा दाखला देऊन टाकावा, दहावी काय ती सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येईल. मुख्याध्यापक काहीच बोलत नाहीत. हजेरीच्या कॅटलॉगमध्ये मी त्याच्या नावावर लाल रेघ ओढली आहे आणि ती मला आता टोचते. त्याला परत घ्यावे असे मला वाटते. पण उद्या वर्गात काही चोरीला गेले तर मी काय करू? आणि बुडालेल्या अभ्यासाचे काय?" – एक शिक्षिका

उत्तर:

सप्रेम नमस्कार बाई,

आपल्या पत्रात प्रश्न अनेक आहेत, पण निकड एकाच गोष्टीची आहे, म्हणून ती आधी सांगतो. त्या मुलाच्या आईच्या हाती दाखला देऊ नका, आणि तो तयार करण्याचा हुकूम आलाच, तर मुख्याध्यापकांनी सही करण्यापूर्वी त्यांना हे उत्तर वाचून दाखवा. मी ३१ वर्षे परिविक्षा अधिकारी, म्हणजे अशा मुलांची चौकशी आणि देखरेख करणारा प्रोबेशन ऑफिसर, म्हणून काम केले. निरीक्षणगृहातून (रिमांड होममधून) घरी गेलेल्या मुलांच्या घरी पाठपुराव्यासाठी जाताना मी पहिला प्रश्न एकच विचारत असे: सकाळी दहा वाजता हा कुठे असतो? ज्याचे नाव शाळेच्या पटावर टिकलेले असे, त्याच्या घरी या प्रश्नाला उत्तर असे. ज्याचे नाव तो आमच्याकडे असतानाच कमी झालेले असे, त्याच्या आईला ते सांगता येत नसे. आणि ज्या मोठ्या पोरांबरोबर तो आधी सापडलेला असे, त्यांना मात्र ते पक्के ठाऊक असे.

आता आपल्या संस्थाचालकांसाठी थोडा कायदा. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या भाषेत हा मुलगा 'विधिसंघर्षग्रस्त बालक', म्हणजे कायद्याशी संघर्षात आलेले मूल, आहे. तो आरोपी नाही आणि गुन्हेगार तर नाहीच. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे आहे, आणि या मंडळात एका न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, ते उगीच नव्हे. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाचा हेतू गुन्हेगारी नव्हता असे गृहीत धरून चालावे, हे या कायद्याचे पहिलेच तत्त्व आहे. चोरीच्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा असल्यामुळे कायद्याच्या वर्गवारीत तो किरकोळ गुन्ह्यांत मोडतो. अशा प्रकरणाची चौकशी मुलाला प्रथम मंडळापुढे हजर केल्यापासून चार महिन्यांत संपवायची असते, फार तर आणखी दोन महिने वाढवून मिळतात, आणि तेवढ्यातही ती पूर्ण झाली नाही तर कार्यवाही तिथेच समाप्त होते. म्हणजे ज्या मुलाबद्दल मंडळाने अजून काहीही ठरवलेले नाही, त्याला शाळा मात्र आजच शिक्षा द्यायला निघाली आहे. उद्या मंडळाने त्याला दोषी ठरवले, तरी समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, पालकांच्या हवाली करून देखरेख असे आदेश मंडळ देऊ शकते आणि त्यांच्या जोडीला 'शाळेत नियमित जावे' असाही आदेश देऊ शकते. तसा आदेश आला आणि शाळेने त्याला आधीच काढून टाकलेले असले, तर मंडळासमोर काय सांगायचे, हे संस्थाचालकांना विचारून पाहावे.

'जेलमधून आलेला' या शब्दांबद्दल. कोणत्याही परिस्थितीत मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, असे कायदा स्पष्ट सांगतो. तो होता निरीक्षणगृहात, ज्याला आपण सगळे जुन्या सवयीने रिमांड होम म्हणतो. लोकांच्या जिभेलाही फार दोष देता येत नाही, कारण मुंबईतील डोंगरीचे निरीक्षणगृह उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या जागेत आहे, जिथे १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर १०१ दिवस होते. जागेचा वास नावाला चिकटतो. पण निवेदनावर सह्या करणाऱ्या पालकांना एवढे अवश्य सांगावे की टिळक-आगरकरांना दिली होती तशी शिक्षा या मुलाला कोणीही दिलेली नाही.

व्हॉट्सॲपवरचा फोटो हा निव्वळ असभ्यपणा नाही, तो गुन्हा आहे. अधिनियमाचे कलम ७४ अशा मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, इतकेच काय त्याच्या शाळेचे नावसुद्धा कोणत्याही प्रसारमाध्यमातून उघड करण्यास मनाई करते. 'संपर्काची अन्य साधने' असे शब्द त्यात आहेत, त्यामुळे 'आमचा ग्रुप खासगी आहे' हा बचाव लंगडा पडतो. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी आपल्याला तक्रार करायला सांगत नाही. ग्रुपच्या ॲडमिनला मुख्याध्यापकांच्या नावाने दोन ओळींचा निरोप गेला की फोटो निघतो, असा अनुभव आहे. पालकसभेत विषय निघालाच, तर 'कोणत्याही विद्यार्थ्याची खासगी बाब शाळा सभेत चर्चेला घेत नाही' हे एकच वाक्य मुख्याध्यापकांनी म्हणावे आणि पुढच्या विषयाकडे वळावे. त्या मुलाची बाजू मांडण्याच्या भरात चांगले लोक त्याची सगळी कहाणी सभेत सांगून मोकळे होतात, आणि त्याला ज्यापासून वाचवायचे तेच नेमके घडते.

दाखल्याच्या छापील नमुन्यात 'अभ्यासातील प्रगती', 'वर्तणूक', 'शाळा सोडल्याचे कारण' आणि 'शेरा' असे रकाने असतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. शेऱ्याच्या रकान्यात 'पोलीस केसमुळे' असे दोन शब्द निळ्या शाईत लिहिलेला एक दाखला मी पाहिला आहे. कोणत्या शाळेचा, ते सांगत नाही. लिहिणारे लिपिक वाईट गृहस्थ नव्हते, त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर लिहिले इतकेच. तो कागद घेऊन मुलगा तीन शाळांत फिरला. कायदा दोषी ठरलेल्या मुलाचीही मागची पाटी पुसतो, अपिलाची मुदत सरल्यावर नोंदी नष्ट करायला सांगतो, प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा पोलिसांनी ही माहिती देऊ नये असे बजावतो. अपवाद फक्त सोळा वर्षांवरील मुलांच्या काही अतिगंभीर प्रकरणांचा. अल्पवयात दाखल झालेल्या प्रकरणावरून तरुणाला नोकरी नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका उमेदवाराबाबत म्हटले आहे. इतके सगळे करून पुसलेली गोष्ट शाळेच्या एका रकान्यात कायमची उरू शकते. म्हणून पुढे कधी तो स्वतःहून दुसऱ्या गावी गेला आणि दाखला द्यावाच लागला, तरी कारण 'पालकांची विनंती' आणि वर्तणुकीपुढे आपण इतरांसाठी लिहिता तेच लिहावे.

आता एक कबुली. शिक्षण हक्क कायदा आपल्या मदतीला इथे पुरेसा येत नाही. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंतच मुलाला शाळेतून काढता येत नाही. आपला मुलगा पंधराचा आणि नववीत. चौदा आणि अठराच्या मधली ही पोकळी नेमकी त्या वयावर पडते ज्या वयात मुले आमच्याकडे जास्त येत. ती कायद्याने भरली पाहिजे असे मी नोकरीत असताना म्हणत होतो आणि आजही म्हणतो. पण या पोकळीचा अर्थ शाळेला मोकळे रान असा होत नाही. दाखला पालकाने लेखी अर्ज केल्यावर द्यायचा असतो. शाळेने आईला बोलावून, तयार अर्जावर तिचा अंगठा किंवा सही घेऊन द्यायचा नसतो. तिला कोणत्याही कोऱ्या किंवा तयार कागदावर सही न करण्याबद्दल आपण आजच निरोप द्या. संस्थेने हट्ट धरला तर आईने तीन प्रतींत साधा अर्ज करावा: एक शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना, एक जिल्हा बाल संरक्षण कक्षाला, एक बाल न्याय मंडळाला. वकील लागलाच तर स्त्री म्हणून तिला आणि बालक म्हणून मुलाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो विनामूल्य मिळतो. त्यांचा क्रमांक १५१०० आहे. बहुतेक वेळा हे अर्ज पाठवण्याची वेळ येत नाही. ते पाठवले जाणार आहेत एवढे कळले, की गप्प बसलेल्या मुख्याध्यापकांना वाचा फुटते.

सतरा नंबरच्या फॉर्मविषयी माझे मत थोडे तिखट आहे. ज्याची शाळा कधीच सुटली आहे, जो कामाला लागला आहे, त्याच्यासाठी खासगीरीत्या दहावीला बसण्याची सोय हे मोठे दार आहे, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हे दुसरे. परंतु ज्याची शाळा सुटलेली नाही त्याला सभ्यपणे बाहेर काढण्यासाठी हे दार वापरायचे, ही अलीकडची युक्ती आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला वडील नाहीत, आई पहाटे खानावळीत जाते, आणि तो घरी एकटा बसून भूमितीची प्रमेये सोडवील, असे ज्यांना खरेच वाटते त्यांनी आपल्या मुलांनाही शाळेतून काढून हा प्रयोग करून पाहावा.

दोन महिन्यांच्या अभ्यासाकडे येतो. निरीक्षणगृहात वर्ग असतो; पण तो कसा असतो हे बाहेर कुणाला ठाऊक नसते. एका खोलीत बारापासून सतरा वर्षांपर्यंतची मुले, कोणी चौथीत शाळा सोडलेला, कोणी दहावीचा, कोणी मराठी न येणारा, शिक्षक एक, आणि पट रोज बदलता, कारण आज तीन मुले जामिनावर गेली आणि दोन नवी आली. अशा वर्गात क्रमाने धडा शिकवता येत नाही. बहुधा चित्रे, प्रार्थना, थोडे वाचन, थोडे हिशेब होतात. त्याने नववीचे काही केले असेल असे धरू नका, आणि त्याने काहीच केले नाही असेही धरू नका.

यातली खरी त्रुटी मला सुटकेच्या वेळी दिसे. नियमांत प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक काळजी योजना आहे. सुटकेच्या पंधरा दिवस आधी अहवाल, घरी गेल्यानंतर भेटी, शाळाप्रवेश झाला का, बँक खाते उघडले का, सगळे रकाने आहेत. पण ही आखणी मुक्काम ठरलेल्या मुलाला धरून केलेली आहे. जामीन अचानक होतो. दुपारी आदेश येतो, संध्याकाळी आई पिशवी घेऊन येते, दोघे शेवटची एसटी पकडतात, आणि पंधरा दिवस आधीचा अहवाल लिहायला पंधरा दिवस मिळालेलेच नसतात. आपल्या मुलाचे असेच झाले असणार. म्हणून आपण, किंवा मुख्याध्यापकांच्या पत्राने शाळेने, त्याच्या परिविक्षा अधिकाऱ्यांशी संपर्क साधावा. एका माणसाकडे मुले फार असतात. शाळेने स्वतः फोन केलेला मुलगा त्यांच्या लक्षात राहतो. त्यांच्याकडून निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांचे साधे प्रमाणपत्र मागा: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत बालक शासकीय संस्थेच्या देखरेखीखाली होते. गुन्ह्याचा उल्लेख नको. ते मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात राहील आणि गैरहजेरीचा प्रश्न त्यावर मिटेल. नववीचा निकाल शाळेच्याच हातात असतो. बुडालेल्या सत्र परीक्षेच्या जागी काय धरायचे हे आपण आणि मुख्याध्यापक बसून ठरवू शकता. सगळे विषय भरून काढायला जाऊ नका. गणित आणि इंग्रजी घ्या, आणि पहिल्या आठवड्यात त्याला मराठीचा एक परिच्छेद एकट्याला वाचायला सांगून पाहा. नववीतली कितीतरी मुले पाचवीच्या वेगाने वाचतात आणि ते लपवण्यासाठी मागच्या बाकावर बसून दंगा करतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

आम्ही जो सामाजिक तपासणी अहवाल भरत असू, त्यात शाळा सोडल्याची कारणे छापलेली असतात आणि लागू असेल त्यावर खूण करायची असते. घरची गरिबी त्यात आहेच. पण तिच्या आजूबाजूला शिक्षकांची अनास्था, शाळेतील जाचक वातावरण, शाळेत झालेला अपमान, शारीरिक शिक्षा, दांडगाई हीही कारणे छापलेली आहेत. आपल्या मुलाच्या अहवालात कुठे खूण आहे ते मला माहीत नाही. ऑगस्टच्या आधी तो किती दिवस गैरहजर होता, हे मात्र आपल्या कॅटलॉगमध्ये असेल. ते पान एकदा पाहा.

आता आपली भीती. ती खोटी नाही, आणि 'विश्वास ठेवा' असे सांगून मी ती उडवून लावणार नाही. साठ मुलांच्या वर्गात महिन्याभरात काही ना काही हरवतेच. आठवीत परतलेल्या एका मुलाच्या वर्गात, तो आल्यानंतर आठव्या दिवशी, एका मुलीच्या कंपासपेटीतून सहलीचे २५० रुपये गेले. वर्गात कुजबुज झाली, सर उठले आणि सगळ्यांदेखत फक्त त्याचे दप्तर बाकावर उपडे केले. दोन वह्या, एक डबा, एक विझलेला स्केचपेन. पैसे नव्हते. दोन दिवसांनी ते त्याच मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकाच्या खाकी कव्हरमध्ये सापडले. पण ही गोष्ट वर्गात कोणी मोठ्याने सांगितली नाही. त्यानंतर तो शाळेत गेला नाही. मी तीन वेळा घरी गेलो. तिसऱ्या वेळी त्याने मला विचारले, "सर, पैसे सापडले तेव्हा दप्तर परत भरायला कोणी आलं का?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून तयारी तो येण्याआधी करायची, आणि ती सगळ्या वर्गासाठी. सहलीचे, परीक्षा शुल्काचे पैसे सकाळी पहिल्या तासाला आपल्याकडे जमा, वहीत नोंद. काही हरवले तर वर्गात ओरडायचे नाही, टेबलाजवळ येऊन आपल्याला सांगायचे. दप्तरांची झडती कोणाचीही नाही. हा नियम दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवशी सांगितला तर कोणाचे लक्षही जाणार नाही. हरवल्यानंतर सांगितला तर तो त्याच्याचसाठी आहे हे सगळ्यांना कळेल. आणि समजा, त्याने खरेच काही घेतले तर? दुसऱ्या कोणी घेतले असते तर आपण जे केले असते तेच करा: एकट्याला बोलावणे, वस्तू परत, आईला निरोप. परिविक्षा अधिकाऱ्यांनाही कळवा, ते त्यांचे काम आहे. पोलीस ठाण्याचा रस्ता शाळेने स्वतःहून धरण्याची घाई करू नये. उलट टोकालाही जाऊ नका. विश्वास दाखवण्यासाठी त्याला मॉनिटर करणे, वर्गणीचा डबा त्याच्या हाती देणे, हे मी चांगल्या शिक्षकांना करताना पाहिले आहे. त्याला साठातला एक व्हायचे असते आणि आपण त्याला पुन्हा उचलून वेगळा ठेवतो.

पहिल्या दिवशी उपदेश नको, परिपाठात उल्लेख नको, 'आता चांगला वाग' हे वाक्य तर नकोच. आत काय झाले हे विचारू नका. मधूनमधून त्याची मंडळापुढे तारीख असेल. आईकडून तारखा आधीच घेऊन ठेवा, म्हणजे हजेरीच्या वेळी 'काल का आला नाहीस?' असे वर्गात विचारले जाणार नाही. चौकशीसाठी पोलीस शाळेत आले तर मुलाला भेटताना त्यांनी साध्या कपड्यांत असले पाहिजे, असा नियम आहे. शिपायाला ते सांगून ठेवा.

आईसाठी एक काम. वडील नसलेल्या मुलासाठी राज्याच्या बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. वडिलांचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आणि शाळेचे बोनाफाईड लागते. बोनाफाईड, म्हणजे पुन्हा पटावरचे नाव. संध्याकाळचे दोन तास आई खानावळीत असते, त्या वेळी तो कुठे बसेल हे तिच्याशी बोलून ठरवा. मामा, शेजारची काकू, वाचनालय, जे असेल ते. गाड्यांचे त्याला मुळातच वेड असेल, तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दहावीनंतर मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, हे त्याच्या कानावर घालायला हरकत नाही. मात्र पहिल्याच आठवड्यात नको. मोटारसायकलचा विषय सध्या त्याच्यासाठी वेगळ्याच कारणाने नाजूक आहे.

लाल रेघेचे आपण विचारले नाही, पण लिहिले आहे. ऑक्टोबरच्या पानावरची रेघ तशीच राहू द्या. शाळेचे दस्तऐवज खरवडू नयेत. त्या पानाच्या कडेला, मुख्याध्यापकांच्या सहीने, 'नाव चुकून कमी केले, पूर्ववत' एवढी नोंद करा आणि यू-डायसवर (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) त्याचे नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडून गेलेल्यांच्या यादीत, गेले नाही ना, हे लिपिकांकडून पाहून घ्या. नोव्हेंबरच्या पानावर नावे नव्याने लिहालच. त्याचे नाव शेवटी, नव्या प्रवेशाच्या मुलांखाली लिहू नका. ऑगस्टमध्ये त्याचा जो हजेरी क्रमांक होता त्याच ओळीवर लिहा, आणि सुट्टीत खालची मुले एकेक क्रमांकाने वर सरकवली असतील, तर ती पुन्हा खाली घ्या.